लोकल अकाउंट करायचंच असेल तर आधी रिकव्हरी की हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. बाबांसाठी विंडोज ११ होमवाला नवा लॅपटॉप घेतलाय, सेटअप ईमेल, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन खातं मागतो आणि दिल्याशिवाय पुढेच सरकत नाही, व्हिडिओंमध्ये दाखवतात त्या युक्त्या करून बघितल्या तर काही होत नाही, तुम्हाला प्रायव्हसीसाठी लोकल अकाउंटच, म्हणजे ऑनलाइन खात्याशी न जोडलेलं, फक्त त्या मशीनपुरतं लॉगिनच हवंय आणि ते सुरक्षित आहे का असं विचारलंय. शिवाय घरात एक जुना विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, तो आधीपासून लोकल अकाउंटवर चाललाय, त्याचं पुढे काय.

चिडचिड समजू शकतो. आपल्या पैशाने घेतलेलं मशीन पहिल्यांदा चालू करतोय आणि तेच आपल्याला विचारतंय की तू कोण, ईमेल दाखव. मलाही हे आवडत नाही आणि माझ्या स्वतःच्या मशीनवर मी लोकल अकाउंटच वापरतो. पण लोकांचे कॉम्प्युटर लावून देणं आणि अडकले की त्यातला डेटा काढून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तिथे जे बघतो त्यावरून सांगतो की लोकल चांगलं आणि ऑनलाइन वाईट इतकं हे सरळ नाहीये. लोकल अकाउंट करून लोक एकीकडे सुटतात आणि दुसरीकडे अडकतात, कारण लॉगिन बदललं की बाकी सगळं आपोआप बदललं असं त्यांना वाटतं.

मुळात त्या एका ईमेलच्या चौकटीमागे चार वेगळ्या गोष्टी बांधलेल्या आहेत. एक म्हणजे तुम्ही मशीनमध्ये शिरता कसं. दुसरी, डिस्क एन्क्रिप्ट झाली असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी झाली असेल, तर तिची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर ती उघडायचा आकड्यांचा कोड, कुठे ठेवली जाते. तिसरी, तुमच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल्स खरंच तुमच्या डिस्कवर आहेत की वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत. आणि चौथी, ऑफिस वगैरेचं लायसन कुणाच्या नावावर चढतं. सगळे भांडतात पहिल्या गोष्टीवरून, आणि माझ्याकडे जी मशीनं रडतरडत येतात ती जवळजवळ सगळी दुसरी आणि तिसरी न कळल्यामुळे.

आधी दुसरी घेतो, कारण तिथे नुकसान परत न भरण्यासारखं होतं. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून, म्हणजे २०२४ च्या शेवटापासून, आपोआप होणाऱ्या डिव्हाइस एन्क्रिप्शनच्या हार्डवेअरच्या अटी बऱ्याच सैल केल्यात, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर होम एडिशन असलं तरी ते चालू होतं. कुणी विचारत नाही, मोठी सूचना येत नाही. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की रिकव्हरी की तुमच्या ऑनलाइन खात्यात चढवली जाते आणि मग डिस्कला खरं कुलूप लागतं. रोज काही जाणवत नाही, मदरबोर्डवरची टीपीएम चिप ते कुलूप गुपचूप उघडून देते. पण बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालं, त्यातली सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, मदरबोर्ड बदलला, की चिपला वाटतं हे काहीतरी भलतंच मशीन आहे आणि मग येते ती निळी स्क्रीन, खाली ४८ आकडे टाकायची जागा, सहा सहा आकड्यांचे आठ गट.

एक केस सांगतो. एका बाईंचा लॅपटॉप आला, रात्री अपडेट होऊन गेलं होतं त्यात बायॉसचंही होतं, सकाळी चालू केला तर ही निळी स्क्रीन. बाई म्हणत होत्या मी कधी कसलं लॉक लावलंच नाही, फक्त चार आकडी पिन आहे. आणि त्या खरंच बोलत होत्या. लॅपटॉप लावून देणाऱ्या माणसाने घाईत स्वतःकडचा कुठलातरी ईमेल टाकून सेटअप पार केला होता, नंतर बाईंना त्रास नको म्हणून त्याचंच लोकल अकाउंट करून दिलं होतं. एन्क्रिप्शन त्या पहिल्या लॉगिनलाच चालू झालेलं, रिकव्हरी की त्या ईमेलच्या खात्यात गेलेली, आणि आता तो माणूस म्हणतोय कामासाठी बनवलेला ईमेल होता, कुठला ते आठवत नाही. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवली की बरोबर की सापडते, पण खातंच माहीत नाही तर जुळवणार कशाशी? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आत नुसता कचरा दिसतो, एन्क्रिप्शनचा अर्थच तो आहे. फॉरमॅट मारून परत दिला, आतलं सगळं गेलं. म्हणजे बघा, बाईंकडे लोकल अकाउंट होतं, तुम्हाला जे हवंय तेच, आणि तरी मशीन एका ऑनलाइन खात्याला बांधलेलं होतं ज्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आता याची उलटी बाजू, जी युक्त्या दाखवणारे सहसा सांगत नाहीत. समजा तुम्ही सेटअपमध्येच बगल देऊन पहिल्यापासून फक्त लोकल अकाउंट केलंत. मग डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट झालेला दिसू शकतो, पण किल्ली उघडीच डिस्कवर ठेवलेली असते, कारण ऑनलाइन खात्याशिवाय ती कुठे ठेवायची हे विंडोजला ठरवता येत नाही म्हणून ते कुलूप लावतच नाही. हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांतही लिहिलंय, फक्त लोकल अकाउंट असतील तर डिव्हाइस असुरक्षितच राहतं म्हणून. मग लॅपटॉप चोरीला गेला की लॉगिन पासवर्ड कितीही कठीण असो, डिस्क काढून दुसरीकडे लावली की फाइल्स समोर. घरात टेबलावर असणाऱ्या मशीनला याने फार बिघडत नाही, पण प्रवासात नेणार असाल आणि आत बँकेची स्टेटमेंटं, ओळखपत्रांचे स्कॅन असतील तर हा विचार करायलाच हवा.

प्रो एडिशन असेल तर हा तिढा नाही, लोकल अकाउंटवरून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करायचं साधन, स्वतः चालू करता येतं आणि रिकव्हरी की पेनड्राइव्हवर सेव्ह करता येते किंवा प्रिंट काढता येते, ऑनलाइन खात्याचा संबंधच येत नाही. होमवर ती सोय नाही. होमवाल्यांना दोन रस्ते, एक व्हेराक्रिप्टसारखं डिस्क एन्क्रिप्ट करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरणं, ज्यात मशीन चालू करताना दर वेळी विंडोजच्या आधी आणखी एक पासवर्ड टाकावा लागतो आणि बाबांसाठी मी ते सुचवणार नाही. दुसरा रस्ता मी स्वतः लोकांना करून देतो तो, आधी ऑनलाइन खात्याने शिरायचं, एन्क्रिप्शन होऊ द्यायचं, रिकव्हरी की उतरवून घ्यायची आणि मग लोकलवर यायचं. लोकलवर आल्यावर एन्क्रिप्शन जात नाही, कुलूप तसंच राहतं.

तर तुमच्या लॅपटॉपसाठी मी असं करेन. बाबांच्या नावाने एक नवा ईमेल उघडा, फक्त या कामासाठी, आणि त्याला रिकव्हरीसाठी तुमचा फोन नंबर आणि तुमचा ईमेल दोन्ही जोडा. तुमच्या ऑफिसचा ईमेल चुकूनही टाकू नका, नोकरीच्या खात्याने वैयक्तिक मशीनमध्ये शिरलं की मशीनवर संस्थेचे नियम लागू होऊ शकतात, नोकरी सुटली की खातं बंद होतं आणि त्यात ठेवलेलं सगळं तुमच्या हातून जातं. त्या नव्या ईमेलने सेटअप पूर्ण करा, सगळे अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट करा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसतंय का बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर त्या खात्यात शिरून डिव्हाइसेसमध्ये हा लॅपटॉप शोधा, तिथे बिटलॉकरच्या कीज बघायची लिंक असते, ते ४८ आकडे आणि की आयडी कागदावर उतरवा. एक प्रत बाबांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, एक तुमच्याकडे. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणारे लोक मी बघितलेत, हसू नका, घाईत कुणीही करेल. उतरवल्यावर आकडे एकदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, एक आकडा चुकला तर तो कागद काही कामाचा नाही.

हे झालं की सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स मध्ये जाऊन नवीन यूजर घाला. तिथे परत ईमेल मागतो, घाबरू नका, खाली बारीक अक्षरात या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची लिंक असते, ती दाबली की पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर घाला अशी दुसरी लिंक येते. सेटअपमध्ये जी सोय लपवलीय ती इथे अजून आहे. हे बाबांचं रोजचं अकाउंट, स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिन करू नका. यात एक छोटा फायदा पण आहे. ऑनलाइन खात्याने केलेल्या अकाउंटला यूजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं, आणि अर्धवट तुटलेलं काहीतरी विचित्र नाव कायमचं मागे लागतं, नंतर बदलायला गेलात तर निम्मी सॉफ्टवेअरं रुसतात. लोकल अकाउंट नवं केलं की फोल्डरचं नाव तुम्ही द्याल ते.

पहिलं अकाउंट मग तुमच्यासाठी, अ‍ॅडमिन. ते लोकल करायचं असेल तर त्यात लॉगिन करून अकाउंट्स, युवर इन्फो मध्ये लोकल अकाउंटने साइन-इन करा असा पर्याय आहे, पिन विचारेल, मग नवं नाव आणि पासवर्ड. फाइल्स आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात. खातं तसंच जिवंत ठेवा, बंद करू नका, रिकव्हरी कीची तिसरी प्रत तिथे पडून राहील. पण मायक्रोसॉफ्ट दोन वर्षं वापर नसलेलं खातं बंद करू शकतं, तेव्हा अधूनमधून लॉगिन करत जा. आणि तुम्हाला कंपनीकडे की असणंच खटकत असेल, कारण कायदेशीर आदेश आला तर कंपनीकडे असलेली की मागितली जाऊ शकते, तर कागदाच्या दोन प्रती पक्क्या आहेत याची खात्री करून त्याच पानावरून ती डिलीट करता येते. बाबांच्या लॅपटॉपसाठी मी ती डिलीट करणार नाही. तिथे पोलिसांच्या आदेशापेक्षा कागद हरवण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

दोन अकाउंट कशाला, हा प्रश्न येईलच. लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरला तर वेबसाइटवरून रीसेट होत नाही, सेटअपच्या वेळी दिलेली तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं आठवली तर ठीक, नाहीतर दुसरं अ‍ॅडमिन अकाउंट हाच साधा उपाय. बाबा विसरले तर तुम्ही तुमच्या अकाउंटमधून त्यांचा पासवर्ड बदलून देऊ शकता. पण असा बाहेरून बदललेला पासवर्ड म्हणजे विंडोजने त्या यूजरसाठी जपून ठेवलेल्या काही गोष्टी उघडत नाहीत, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड त्यात जाऊ शकतात. म्हणून शक्यतो बाबांकडून पासवर्ड कुठेतरी लिहून घ्या, वहीत लिहिलेला पासवर्ड वाईट असं म्हणणाऱ्यांनी कधी सत्तरीच्या माणसाचं अकाउंट सोडवलेलं नसतं. पिन लोकल अकाउंटलाही लावता येतो आणि तो त्या मशीनपुरताच असतो, ऑनलाइन जात नाही. पासवर्ड रिकामा ठेवायचा मोह होईल, कारण रिकामा ठेवला तर ते तीन प्रश्नही विचारत नाही. विंडोज रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला नेटवर्कवरून लॉगिन करू देत नाही हे खरं, पण समोर बसलेल्याला काहीच अडवत नाही.

आता तिसरी गोष्ट, फाइल्स. सेटअपमध्ये ऑनलाइन खातं दिलं की वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर बॅकअपच्या नावाखाली स्वतःकडे ओढून घेतं, बऱ्याचदा पटकन पुढे पुढे दाबताना आपण हो म्हटलेलं असतं किंवा ते आधीच चालू असतं. मोफत जागा ५ जीबी. बाबांनी फोनमधले फोटो एकदा लॅपटॉपवर ओतले की ती संपलीच, मग जागा भरली, पैसे भरा, असे मेसेज रोज. त्यानंतर माणूस काय करतो तर ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडून जुने फोटो डिलीट करतो, की ऑनलाइन जागा होईल आणि लॅपटॉपवर तर आहेतच. आणि ते लॅपटॉपवरूनही जातात, कारण तो बॅकअप नव्हताच, सिंक होतं, म्हणजे एकीकडे जे कराल तेच दुसरीकडे होतं. ३० दिवसांच्या आत लक्षात आलं तर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमधून परत मिळतात, नंतर नाही.

म्हणून लोकलवर यायच्या आधी एक्सप्लोरर उघडून फाइल्सच्या शेजारी काय चिन्ह आहे ते बघा. हिरवी टिकमार्क असेल तर फाइल डिस्कवर आहे. निळा ढग असेल तर तिथे फक्त नाव आहे, फाइल वर आहे. ढगवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून कायम या डिव्हाइसवर ठेवा असा पर्याय निवडा, सगळ्यांना हिरवं येईपर्यंत थांबा, नेट हळू असेल तर रात्रभर लागू द्या. मग वनड्राइव्हच्या सेटिंगमधून फोल्डर बॅकअप बंद करा आणि पीसी अनलिंक करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर ओरडू नका, फाइल्स यूजर फोल्डरमधल्या वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून जागेवर आणायच्या. तुमचा लॅपटॉप कोरा आहे म्हणून तुम्हाला यातलं फारसं लागणार नाही, पहिल्या दिवशीच बॅकअप बंद करा की संपलं. पण मग बॅकअप कुठे, हे ठरवा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी मारा. वनड्राइव्ह बंद करून दुसरं काहीच न करणारे लोक माझ्याकडे येतातच, आणि त्यांची डिस्क मेलेली असते.

आता तुम्ही ज्यासाठी विचारलंत ते, प्रायव्हसी. इथे थोडं निराश करणार आहे. लोकल अकाउंट केलं म्हणजे विंडोज गप्प बसतं असं नाही. आवश्यक डायग्नोस्टिक डेटा, म्हणजे मशीन आणि विंडोज कसं चाललंय याची माहिती, मायक्रोसॉफ्टकडे जातेच, होममध्ये ती पूर्ण बंद करायची सोय सेटिंगमध्ये नाही. फरक पडतो तो तुमचं नाव, ईमेल आणि सगळ्या मशीनवरचा वापर एका खात्याखाली जमा होण्यात, सेटिंग्ज आणि एज ब्राउझरचा इतिहास सिंक होण्यात. ते टळतं आणि ते काही कमी नाही. पण ऐच्छिक डायग्नोस्टिक डेटा, जाहिरात आयडी, लोकेशन, हे वेगळे बंद करावे लागतात, अकाउंट कुठलंही असो. आणि तेच बाबा क्रोम उघडून गुगलमध्ये लॉगिन करून दिवसभर बसणार असतील तर विंडोजच्या लॉगिनवर आपण किती जीव काढायचा तेही बघा.

अजून एक सापळा. लोकल अकाउंटवर सगळं नीट लावलं, मग बाबांनी वर्ड उघडलं, त्याने साइन-इन मागितलं, ईमेल टाकला, आणि पुढे एक खिडकी येते की हे खातं विंडोजमध्ये सगळीकडे वापरू का. मोठं बटण हो म्हणणारं. खाली कोपऱ्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅप्सपुरतं असा छोटा पर्याय असतो, तो दाबायचा. मोठं बटण दाबलं की तुमचं लोकल अकाउंट नकळत ऑनलाइन होऊन बसतं आणि बाबांना कळतही नाही की रोजचा पासवर्ड का बदलला. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते एकदा कुठल्यातरी खात्यावर चढवावंच लागतं आणि त्या खात्यालाच चिकटून राहतं, त्यामुळे तो मघाशी उघडलेला ईमेलच तिथे द्या.

तुमच्या युक्त्या का चालल्या नाहीत तेही सांगतो. विंडोज ११ २०२१ मध्ये आलं तेव्हापासून होमला सेटअपमध्ये नेट आणि खातं सक्तीचं आहे, २०२२ च्या २२एच२ पासून वैयक्तिक वापरासाठी प्रोलाही. त्यावर शिफ्ट एफ१० दाबून काळ्या खिडकीत बायपास एनआरओ टाइप करायचं हा सगळ्यात गाजलेला उपाय होता, ती स्क्रिप्ट मार्च २०२५ मध्ये चाचणी बिल्डमधून, म्हणजे सगळ्यांना द्यायच्या आधीच्या विंडोजच्या आवृत्तीतून काढली, आणि त्यानंतर लोकांनी शोधलेली दुसरी कमांड ऑक्टोबर २०२५ च्या चाचणी बिल्डमध्ये बंद केली. खोटा ईमेल टाकून एरर आणायची युक्ती २०२४ मध्येच गेली. म्हणजे व्हिडिओ कधीचा आणि तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड कुठली त्यावर सगळं अवलंबून. प्रोमध्ये वर्क ऑर स्कूल निवडून साइन-इन ऑप्शन्समधून डोमेन जॉइनचा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा पर्याय घेतला तर लोकल अकाउंट बनतं, डोमेन खरंच असावं लागत नाही. आणि स्वतः विंडोज नव्याने टाकणार असाल तर रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना ऑनलाइन खात्याची अट काढायचा टिकबॉक्स मिळतो. पण कोऱ्या लॅपटॉपवर नुसत्या लॉगिनसाठी विंडोज पुसून परत टाकणं, कंपनीचे ड्रायव्हर शोधत बसणं, मला ते फुकटची मेहनत वाटते, कारण सेटअपनंतर लोकलवर येता येतंच.

कंपनीची बाजू अगदीच खोटी आहे का? नाही. लोक पासवर्ड विसरतात, रिकव्हरी की हरवतात, लॅपटॉप हरवतात, ऑनलाइन खात्याने यातलं बरंच सुटतं, फाइंड माय डिव्हाइस त्याशिवाय चालत नाही, मुलांसाठी वेळ आणि साइट्सवर मर्यादा घालायच्या तर फॅमिली सेफ्टीलाही खातं लागतंच. तुमच्याऐवजी दूर एकट्या राहणाऱ्या, घरात दुसरं कुणी कॉम्प्युटरवालं नसलेल्या माणसासाठी विचारलं असतं तर मी कदाचित ऑनलाइनच ठेवा म्हटलं असतं, फक्त रिकव्हरीचा फोन नंबर चालू आहे ना बघा आणि खात्याच्या सिक्युरिटी पानावरून २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड काढून ठेवा, कारण नंबर आणि ईमेल दोन्ही हातचे गेले आणि सगळी माहिती बदलायला गेलात तर ३० दिवस थांबावं लागतं. माझा राग सक्तीवर आहे. मॅकमध्ये सेटअपला अ‍ॅपलचं खातं नंतर बघू म्हणून पुढे जाता येतं आणि लॉगिन लोकलच असतं, लिनक्समध्ये असला प्रश्नच नाही. क्रोमबुकला मात्र गुगल खातं लागतंच, गेस्ट मोड सोडला तर, पण ते घेणाऱ्याला घेतानाच माहीत असतं. विंडोजमध्ये सोय आतमध्ये आहे आणि दारातच लपवलीय, हे मला पटत नाही.

राहिला जुना डेस्कटॉप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण त्यासाठी नाव नोंदवायला मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, पैसे भरून घेतलं तरी. मशीन २२एच२ व्हर्जनवर हवं आणि ज्या अकाउंटने नोंदणी करता ते अ‍ॅडमिन हवं. बाबांसाठी उघडलेला तोच ईमेल इथे चालेल, एका नोंदणीत १० मशीनपर्यंत चालतात. फक्त सेटिंग्ज सिंक करून मोफत मिळणारा पर्याय घेतलात तर वनड्राइव्ह त्या मशीनवर जागं होतं, तेव्हा वर लिहिलेलं निळ्या ढगाचं प्रकरण तिथे आधी बघून घ्या, कारण त्या डिस्कवर तुमचं सगळं जुनं सामान आहे. बाकी तुमच्या लॅपटॉपचं सेटअप नेमकं कुठल्या स्क्रीनवर थांबलंय ते कळवा, ईमेलवर की नेटच्या पानावर. नेटच्या पानावर असेल तर वायफायचा ड्रायव्हर नसल्याचीही शक्यता असते, मग फोन यूएसबीला लावून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायची सोय, चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने पुढे जातं.